डायरेक्टरने मला चोर केलं

तमिळ मुलखात मैलापूरच्या आमच्या शाळेत डायरेक्टर बाकावर नीट बसलेली मला आठवतच नाही. नाव कमला, पण सोळाव्या वर्षीच तिला सगळे डायरेक्टर म्हणत. मास्तर फळ्याकडे वळले की ही उठून खिडकीपाशी जाऊन यायची. मधल्या सुट्टीत दहीभाताचा डबा हातात धरून व्हरांड्यात फेऱ्या मारत जेवायची. "बसलं की डोकं झोपतंय," म्हणायची. तिचं घराणं तंजावरकडचं, मराठी जुन्या वळणाचं. मी वडिलांच्या बदलीमुळे पुण्याहून आलेला. वर्गात मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

अकरावीत तिच्या मामाने दुबईहून व्हिडिओ कॅमेरा आणला आणि तिने स्नेहसंमेलनासाठी सिनेमा काढायचं ठरवलं. "शाळेच्या सिनेमात कोण कोण लागतं?" तिने वर्गाला विचारलं. हुशार मुलगा, दांडगट मुलगा, नटवी मुलगी, विदूषक, अशी यादी निघाली. "अस्की आपल्याकडे आहेत," ती खूश होऊन म्हणाली. अस्की म्हणजे सगळे. हुशार मी, वर्गाचा लीडर. दांडगट अर्थात मुरुगेसन, शेवटच्या बाकावरचा, उंच, गणितात कायम नापास.

पहिल्या रविवारी मुरुगेसन कॉलर वर करून सायकलला टेकला आणि मी छातीशी पुस्तकं धरून चाललो. सगळं सोपं होतं. दुसऱ्या रविवारी तिने पुढची गोष्ट सांगितली. प्रश्नपत्रिका चोरीला जाते, सगळे मुरुगेसनकडे बोट दाखवतात, नटवी मुलगी एकटी डोकं चालवते आणि चोर निघतो हुशार मुलगा.

"मीच का?" मी चिडलो.

"हुशार पोराला पहिला नंबर जायचं भय असतं. मुरुगेसनला कसलं भय आहे, सांग."

दोनच महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेतला काचेच्या पेटीतला तराजू माझ्या हातून पडून फुटला होता. सर धावत आले तेव्हा शेजारी मुरुगेसन उभा होता. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. त्याला आठवडाभर शाळेतून काढलं आणि मी खाली मान घालून निरीक्षणं लिहीत राहिलो.

शेवटचा प्रसंग कबुलीचा होता. त्याचे संवाद डायरेक्टरने लिहिलेच नव्हते. मी पाच वेळा जमिनीकडे बघून "प्रश्नपत्रिका मी घेतली" असं पुटपुटलो. ती कॅमेऱ्याभोवती येरझाऱ्या घालत होती.

"खोटं वाटतंय डा," ती तमिळ 'रे' लावून म्हणाली. "त्याच्याकडे बघून बोल."

मी मुरुगेसनकडे बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "तराजू माझ्या हातून पडला."

मग मुरुगेसन तमिळमध्ये शांतपणे म्हणाला, "माहीत आहे. मी शेजारीच होतो. माझ्या अप्पांना येऊन सांगशील? त्यांना अजून माझं खरं वाटत नाही."

त्याच दुपारी आम्ही तिघं बसने तिरुवल्लिकेणीला गेलो. मुरुगेसनचे अप्पा तिथल्या आपल्या दुकानात शर्ट शिवत होते. माझं सगळं बोलणं ऐकेपर्यंत त्यांनी मशीन थांबवून ठेवलं, मुलाकडे बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाले, "पाणी पिऊन जा." सोमवारी मी मुख्याध्यापकांना सांगितलं. लीडरचा बिल्ला गेला.

डायरेक्टरने टेपवरचा तो भाग पुसून टाकला. "हे तुम्हा दोघांचं. सिनेमात नको." मग म्हणाली, "तराजू पडला तेव्हा मी व्हरांड्यातून बघितलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मी सांगितलं असतं तर तू नुसता सापडला असतास."

सिनेमा दाखवला तेव्हा पोरांनी बाकं बडवली. मास्तरांना तो आवडला नाही. हुशार मुलांची बदनामी झाली, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पुढच्याच महिन्यात वडिलांची नागपूरला बदली झाली. सेंट्रल स्टेशनवर ती उशिरा आली आणि आमच्या डब्यासमोर इकडून तिकडे फिरत राहिली. गाडी हलली तशी खिडकीबरोबर चालत तिने विचारलं, "नव्या शाळेत तुला काय म्हणतील?"

"नवा मुलगा."

"बरं आहे. चार दिवस कोणी काही ठरवणार नाही. ते वाया घालवू नकोस."

नंतर तिची-माझी भेट झाली नाही. नागपूरला पहिल्याच तासाला सरांनी एक प्रश्न विचारला आणि कोणाला काही कळायच्या आत माझा हात वर गेला.