गडावरचा सामुराई

आखातात, अल दुहैलला आमच्या शेजारी एक जपानी इंजिनियर एकटेच राहत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सुट्टीवर जाताना वारलेल्या वडिलांची आठवण म्हणून जपलेलं एक चित्र ते पुठ्ठ्याच्या घडीत घालून माझ्याकडे ठेवून गेले. बंद घरात दमट हवेनं खराब होईल, ही भीती. घोड्यावर बसलेला, चिलखत घातलेला सामुराई. "हे ब्रशनं काढलेलं नाही. लाकडात कोरून छापलंय, प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा," ते म्हणाले आणि माझा विश्वासच बसेना. त्याच्या कानशिलावरचा एकेक केस वाऱ्यानं उडत होता! माझी लाकडी कोरीवकामाशी ओळख करंजीच्या साच्यापुरती. रोज दुपारी मी पुठ्ठ्याची घडी उघडायचे आणि रोज नव्यानं थक्क व्हायचे. माणसाच्या हाताला हे जमतं तरी कसं?

दिवाळीत लेकीनं अंगणात किल्ला केला. इथल्या रेतीचा किल्ला म्हणजे सतत पाणी शिंपडा, नाहीतर बुरूज ढासळलाच. नाशिकहून आणलेले मातीचे मावळे बॅगेतच फुटले होते. चकल्या तळून मी बाहेर आले, तर गडाच्या दरवाजाशी ओल्या रेतीत, पुठ्ठ्यासकट रोवलेला सामुराई उभा!

"अगं कार्टे, ते आपलं आहे का?" मी किंचाळलेच.

"बट आई, गडावर लढायला नोबडी वॉज देअर," ती रडवेली झाली.

घोड्याच्या खुरांपर्यंत ओल चढली होती. पुसावं तर कागद फाटायचा. नेमके त्याच संध्याकाळी शेजारी परतले आणि फराळाला आले. मी त्यांना थेट गडापाशीच नेलं. दुसरं काही सुचेना.

ते उकिडवे बसून डाग निरखू लागले. "छापण्याआधी हा कागद ओलाच करतात," हळूच म्हणाले. माझी समजूत काढत होते, हे कळत होतं. मग लेकीकडे वळून त्यांनी विचारलं, "शत्रू कुठून येणार?"

तिनं अंगणाच्या फाटकाकडे बोट दाखवलं.

"मग याची पाठ तिकडे का?"

त्यांनी दोन्ही हातांनी चित्र उचललं आणि उलट फिरवून गडाच्या पलीकडच्या बाजूला नेलं. तसं घोड्याचं तोंड फाटकाकडे झालं. आणि वडिलांचा तो सामुराई त्यांनी स्वतःच्या हातांनी पुन्हा ओल्या रेतीत रोवला.