केबलचे तीन वेढे

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी दुपारी प्रभाकरनं माझे केस कापले. तो माझ्या बायकोचा, कमलचा, धाकटा भाऊ. काटोलचा. आम्ही एकाच पलटणीत, डोंगरावरच्या एकाच पोस्टवर होतो. मी रेडिओ ऑपरेटर, तो लान्स नायक.

"हालू नका भाऊजी, कान जाईन."

"जाऊ दे. तुया बहिणीचं आयकनं तरी वाचंल."

"थांबा, तिले चिठ्ठी लिहितो."

केस झटकून उठलो तर नजर बॅटरी चार्जरच्या केबलवर गेली. एका काळ्या कड्यातून तिला तीन वेढे दिले होते. त्या कड्याला फेराइटचा मणी म्हणतात. तुमच्या लॅपटॉपच्या वायरवर जाड गाठ असते ना, तिच्या आत हाच असतो. दिसायला भाजलेल्या मातीसारखा. चार्जर रेडिओत खरखर सोडतो, ती हा तारेवरच अडवतो. वेढे जास्त तर खरखर कमी. मी सातवी शिकलो, पण एवढं मला माहीत होतं. वेढे प्रभाकरनंच दिले होते.

"साहेब येऊन राहिले अन् हा गुंता," मी म्हटलं.

"राहू द्या ना. काहून हात लावता?"

"दिसते कसं ते!"

मी मणी काढून डब्यात टाकला. केबल सरळ बांधली. फौजेत केबल सरळच दिसली पाहिजे. सेट तपासला, ठीक होता. चार्जर तेव्हा बंद होता.

सकाळी आठला साहेबांनी पोस्ट पाहिली. "व्हेरी गुड" म्हणाले. नऊला पाच जणांची पेट्रोलिंग पार्टी निघाली, त्यात प्रभाकर. मी चार्जर चालू केला.

दहा वाजून दहा मिनिटांनी सेट बोलला.

"कंट्रोल... कॅज्युअल्टी... स्ट्रेचर... लोकेशन..." पुढे नुसती खरखर.

"से अगेन लोकेशन, ओव्हर."

खरखर.

अँटेना फिरवला. बॅटरी बदलली. वाटलं, डोंगर आड येतो. एकोणीस मिनिटं मी तेच म्हणत होतो, से अगेन, से अगेन. मग डोक्यात आलं. चार्जर बंद केला.

"कंट्रोल, नाले का ऊपरवाला मोड़. प्रभाकर का पैर माइन पे. जल्दी भेजो, ओव्हर."

स्ट्रेचर पार्टी धावत गेली. रक्त फार गेलं होतं. आणताना वाटेतच संपला. डॉक्टरनं विचारलं, "इतनी देर क्यों?" मी सेटकडे परत गेलो.

कमलनं एकदाच विचारलं.

"तुमी होते ना सेटवर?"

"होतो."

"मंग?"

"खरखर होती वं."

पुन्हा तिनं विषय काढला नाही. दर राखीला त्याच्या फोटोला राखी बांधायची. मी तेवढ्या वेळ बाहेर जाऊन उभा राहायचो. यंदा धंतोलीच्या दवाखान्यात ती वारली. अकरा दिवस उशाशी बसून होतो. सांगायला वेळ होता. सांगितलं नाही. आता वाचायला ती नाही, तर लिहितो आहे. याला हिंमत म्हणू नका.

प्रभाकर गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मणी परत लावला. तीन वेढे. चार्जर चालू करून बोललो, सेट स्वच्छ. सातला सुभेदार साहेबांनी रिपोर्ट समोर ठेवला. वर प्रभाकरचं नाव. खाली लिहिलं होतं, हवामानामुळे संपर्क तुटला.

मी सही केली.