बिरकत अल अवामेरची कुस्ती

शुक्रवार, ९ जानेवारी. गुळपोळीसाठी बेसन आणि तीळ आणायला आखातातल्या आमच्या बिन महमूदमधल्या घरून निघालो. सामान गाडीत टाकलं आणि मी यांना म्हटलं, "आता दत्तूची कुस्ती बघू."

दत्तू आमच्या इमारतीतले एसी दुरुस्त करतो. सांगलीकडचा, महिनाअखेर कायमचा परत चाललाय. "ताई, तुम्ही कोल्हापूरच्या. हितली शेवटची कुस्ती हाय, या की," असं आदल्या दिवशी म्हणाला. व्हिडिओ गावी वडिलांना पाठवायचा होता. ते जुने पैलवान. त्याचा खांदा आखडलेला दिसला, म्हणून ओवा घालून कढवलेलं तिळाचं तेल मी त्याला दिलं.

दक्षिणेला अर्धा तास गेल्यावर झाडं संपली, ट्रकच्या रांगा लागल्या, मग कामगारांच्या एकसारख्या इमारती. हेच बिरकत अल अवामेर. मोकळ्या जागेत वाळू भिजवून आखाडा केलेला. भोवती पुरुषांचं दाट कडं, बाई मी एकटीच. कुणी खुर्ची आणली, कुणी करक (वेलदोड्याचा घट्ट दुधाळ चहा). चहा उत्तम. वाळू मात्र खडेदार. पडलं की सालं निघणार.

दत्तूची जोड मुलतानच्या एका ड्रायव्हरशी. हात मिळवले, खांद्याला खांदा भिडला आणि मुलतानी मागे सरला. तळवा हुंगून ओरडला, "तेल! इसने तेल लगाया है!"

तेलकट अंगावर पकड बसत नाही; आखाड्यात याहून मोठी लबाडी नाही. हुर्यो उठली. "ओए, पहलवान है या पकोड़ा?"

"साबण लावून आंगूळ केलीया," दत्तू मराठीतच सांगत राहिला. व्हिडिओ काढणाऱ्या मित्राने फोन खाली घेतला.

खलीफा (आखाड्याचा वस्ताद), मेंदीने दाढी रंगवलेला म्हातारा, कुस्ती रद्द करणार तेवढ्यात मी उठले.

"तेल मैंने दिया था. कंधा दुखता था उसका. गलती मेरी है."

"बाजी (ताई), उसूल तो उसूल है."

"धो डालेंगे तो?"

"पानी से तेल जाता है कभी?"

"बेसन से जाता है."

गाडीतून किलोचा पुडा आणला. यांनी बाह्या सरसावून दत्तूला चोळलं, पाणी मुलतान्याने ओतलं. "दूल्हा बना दिया!" गर्दी आता हसत होती. खलीफाने खांद्यावर बोट फिरवून हुंगलं. "खलास. यल्ला, लड़ो!"

जेमतेम चार मिनिटं चालली. दत्तूने दोनदा पट काढला (वाकून पाय खेचले). तिसऱ्यांदा स्वतःच उचलला गेला आणि पाठ टेकली. मुलतान्याने त्याला उठवलं, त्याचा हात वर धरून कड्यासमोरून फिरवलं. कोपर सोलवटलेलं, पण दत्तू हसत होता. हरल्याचं त्याला फारसं काही नव्हतं. लबाड ठरून गावी जावं लागलं असतं, तर ते जन्मभर त्याच्या अंगाला चिकटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तूकडून नंबर घेऊन मी त्याच्या वडिलांना फोन लावला. तेलाचं माझ्याच तोंडून कळलेलं बरं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पाठ लागली न्हवं?"

"लागली."

"मग झालं की, बाई. कुस्ती निकाली झाली."

"झाली," मी म्हटलं.