शेजारणीचा कढीपत्ता

लॉकडाऊनच्या पहिल्या वर्षी मला शेजारणीच्या मेथीचा हेवा वाटू लागला. सांगायला आजही लाज वाटते, पण खरं तेच आहे.

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या एका गल्लीत आम्ही समोरासमोर राहायचो. दोघींचे नवरे एकाच कंपनीत, दोघीही त्यांच्यामागून आलेल्या. तिच्या घराला दक्षिणेकडे बाग होती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनी उत्तरेला, ऊन नावालाच. त्या मार्चमध्ये बाहेर पडायचीच भीती होती, म्हणून दोघींनी मिळून ऑनलाइन बिया मागवल्या. मेथी, गवार, दोडका, मिरची. पाकिटं एकाच दिवशी पोस्टाने आली.

आठवड्याभरात तिच्या खिडकीत हिरवं दिसू लागलं. माझी गवार उगवलीच नाही, मिरचीची रोपं दोऱ्यासारखी वाढून आडवी पडली. ती रोज इथल्या मराठी बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकायची. बायका लिहायच्या, "तुझ्या हाताला गुण आहे बाई." मी फोन पालथा घालायचे. तिच्या शेजारचे डच आजोबा कुंपणावरून तिला सांगायचे, मे अर्धा सरेपर्यंत रोपं बाहेर काढू नकोस, इथली थंडी फसवते. तीही त्यांच्याशी फाडफाड डच बोलायची. मला त्याचाही हेवा वाटायचा.

दुसऱ्या वर्षी मार्चअखेरीस कुरियरवाल्याने आमची बेल वाजवली. समोर कोणी दार उघडत नाही, तुम्ही ठेवून घ्याल का? हातात उंच, अरुंद खोका. त्यावर लिहिलेलं, 'जिवंत रोप, लगेच उघडा.' मला लगेच कळलं. तिने स्पेनच्या नर्सरीतून कढीपत्ता मागवला होता आणि महिनाभर त्याचंच कौतुक चाललं होतं.

मी खोका घेतला आणि तळमजल्यावर सायकलींच्या खोलीत ठेवला. संध्याकाळी देऊ म्हटलं. संध्याकाळी उद्या देऊ म्हटलं. सकाळी लोक गाड्यांच्या काचांवरचा बर्फ खरवडताना दिसत होते, आणि त्या खोलीत हीटर नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

नवऱ्याने विचारलं, "अगं, खाली तो खोका कुणाचा?"

"देते आज," मी म्हणाले.

दिला चौथ्या दिवशी. ती मास्क लावून दारात आली. खोका तिथेच उघडला तर पानं तिच्या हातात गळून पडली, काळपट, मऊ झालेली.

"पोस्टात गारठलं बिचारं," मी म्हणाले.

"हो ना," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मेमध्ये तिच्याकडे दुसरा कढीपत्ता आला. पहिल्याची उरलेली काडी कुंडीसकट माझ्याकडे आणून ती म्हणाली, "तू सांभाळ. मला टाकवत नाही."

मी ती काडी पोटच्या पोरासारखी सांभाळली. कोमट पाणी, खिडकीतली सगळ्यात उबदार जागा. जूनअखेर बुडाशी दोन लालसर कोंब फुटले. मला आनंद झाला, पण फोटो काढवेना.

सप्टेंबरमध्ये कालव्याकाठी फिरताना, मध्ये दीड मीटर अंतर ठेवून, मी तिला सगळं सांगून टाकलं.

ती थांबली. "मला माहीत होतं. कुरियरवाल्याची चिठ्ठी त्याच दिवशी पेटीत पडली होती, तुझ्या घराचा नंबर लिहिलेली. आम्हा दोघांना ताप होता, टेस्टचा रिपोर्ट यायचा होता, म्हणून मी बाहेर पडले नाही. वाटलं, तू दारात आणून ठेवशील. मग ठरवलं, मुद्दाम विचारायचं नाही. बघू किती दिवस ठेवते."

"मग ती काडी मला का दिलीस?"

"रागाने दिली. रोज तुझ्या डोळ्यांसमोर राहावी म्हणून."

मी माफी मागितली. ती "असू दे" म्हणाली, पण परतताना झपझप पुढे निघून गेली. पुढे बोलणं सुरू झालं. दिवाळीला डब्यांची देवाणघेवाणही झाली. नंतर तिला युट्रेख्टला नोकरी लागली, ते लोक तिकडे राहायला निघाले तेव्हा निरोपाला मी चकल्या घेऊन गेले. तिच्या पत्रपेटीवर एक स्टिकर होता, मी आधी कधी नीट वाचला नव्हता. 'पार्सल शेजाऱ्यांकडे देऊ नये.' त्याचे कोपरे उन्हाने पिवळे पडले होते.