राबिघचा वारा धरून

तांबड्या समुद्राच्या काठाने आजवर जितके गोलकीपर उभे राहिले असतील, त्या सगळ्यांत आमचे मामा थोर, हे मी कुणापुढेही छातीठोकपणे सांगेन. चेंडू अडवण्यात त्यांच्याहून तरबेज माणसे असतील, पण गोलपोस्टवर इतका जीव असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. नात्याने ते माझे कुणीच नाहीत. सौदीतल्या राबिघच्या रिफायनरीत आमच्या शिफ्टचे सर्वांत जुने ऑपरेटर, कोल्हापूरच्या एका पेठेतले, म्हणून सगळ्यांचेच मामा. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. जिंतूर आणि कॉलेजचे गाव यापलीकडे काही न पाहता थेट विमानात बसलेला. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, हातात येईपर्यंत मला रोज जेवू घालणारे आणि "घाबरू नगंस मर्दा, कफील म्हंजे आपला मालक, काय वाघ न्हवं," असे सांगणारे मामाच.

मामांना कुठलीही वस्तू हातात द्यायची नाही, हा आमच्या कंट्रोल रूमचा अलिखित नियम होता. पेन असो, किल्ली असो, संत्रे असो, ती फेकायची. पहिल्याच आठवड्यात मी अदबीने वॉकी-टॉकी दोन्ही हातांनी पुढे केला, तर ते खवळले. "टाक की! हातात काय देतोस, प्रसाद हाय काय?" बकाल्यात, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, कांदे घेतानाही प्रत्येक कांदा एकदा हवेत उडवून झेलल्याशिवाय पिशवीत जात नसे, आणि दुकानदार जीव मुठीत धरून बघत राही. दार दिसले की त्याच्या बरोबर मधोमध, गुडघे किंचित वाकवून ते उभे राहत. व्हिडिओ कॉलवर मामी एकदा मला म्हणाल्या, "सुट्टीला आल्यात की दारातच हात पसरून उभं. पावण्यानी आत यायचं कुठनं?" मामांनी मागून ओरडून सांगितले, "गोल करायचा आणि यायचं!"

कॅम्पमागच्या वाळूच्या मैदानावर शुक्रवारी संध्याकाळी आमची मॅच असे. परांचीचे दोन जुने पाइप हे पोस्ट, आणि वरच्या दांडीऐवजी धोक्याच्या जागी बांधतात ती लाल-पांढरी फीत. एकदा इन्स्पेक्शनचा एक म्हातारा स्कॉटिश साहेब ती फीत बघून थबकला. त्याचे पणजोबा गोलकीपर होते, तो सांगू लागला. त्या काळी त्यांच्याकडेही दांडी नसे, फीतच बांधत. आठवडाभर बँकेत कारकुनी करायची आणि शनिवारी फुकट चिखलात लोळायचे. मी हे मराठीत सांगेपर्यंत मामांचे डोळे भरून आले. "म्हंजे आमचं पावणंच की हे!" त्यांनी साहेबाला खोलीवर नेऊन स्वतः केलेली मिसळ खाऊ घातली. दुसऱ्या दिवशी साहेब कामावर दिसला नाही.

पण मामांचा जीव अडकला होता कोल्हापुरात. दर जानेवारीत तिथे पेठेच्या जुन्या खेळाडूंची मॅच होते. फोन येई, "कीपर, येतोस न्हवं?" आणि दर हिवाळ्यात आमच्याकडे शटडाऊन. उन्हाळ्यात इथे पाइपला हात लावता येत नाही, त्यामुळे सगळी मोठी दुरुस्ती थंडीत, आणि मामांशिवाय युनिट बंद करायची कुणाची छाती नव्हती. वर्षांमागून वर्षे अशी गेली. मामा गुडघ्याला तेल चोळत म्हणायचे, "एकदा पेठेफुडं उभं ऱ्हायचंय रं. स्टँडातनं माझं नाव ऐकायचंय. ह्यो गुडघा हाय तवर."

यंदा शटडाऊन लांबणीवर पडून रमजाननंतर गेले आणि जानेवारी मोकळा झाला. मामांची रजा मंजूर झाली त्या दिवशी त्यांनी मॅनेजरलाच "यल्ला! चला!" म्हणून मिठी मारली. मॅनेजर वास्तविक दारातून बाहेर पडायच्या प्रयत्नात होता.

महिन्याने ते परतले. मी मामींनी दिलेला स्टीलचा डबा उघडून लाडू घेतला आणि विचारले, "मामा, मॅच?"

"झाली की."

"आणि?"

"पैलाच गोल खाल्ला." मग हळूहळू सांगू लागले. आमच्या मैदानावर समुद्र डाव्या हाताला. वारा चेंडूला उजवीकडे ढकलतो, म्हणून मामा कायम उजवीकडे सरकून उभे राहतात. कोल्हापुरातही तसेच राहिले. समोरच्याने साधा, सरळ फटका मारला. मामा वाट बघत राहिले चेंडू वळायची. तो वळलाच नाही. डावी बाजू सताड उघडी. "तिथं कुठला आलाय समिंदर!"

"पेठेनं नाव घेतलं का पण?"

मामा परतल्यापासून पहिल्यांदा हसले. "घेतलं की! 'सौदीचं पावणं, मधी या!' म्हणून सगळा स्टँड वराडला. नाव बी घेतलं, शिव्या बी घातल्या. कान तृप्त झालं बघ."

त्या शुक्रवारी ते मैदानावर आले. फितीकडे बघून हात जोडले आणि पोस्टच्या बरोबर मधोमध उभे राहिले. समोरून फटका आला. वाऱ्याने तो अलगद उजवीकडे नेला. मामांनी झेप घेतली, पण हात पोचला नाही. चेंडू फितीखालून मागे वाळूत गेला.

मी चेंडू आणायला धावलो. परत आलो तेव्हा मामा पाइपाला एक हात लावून समुद्राकडे बघत होते.

"नेमकं कुठं उभं ऱ्हायाचं रं आता?" ते म्हणाले.

जवळ जाऊन चेंडू हातात द्यावा असे फार वाटले. पण मी होतो तिथेच थांबलो आणि तो त्यांच्याकडे टाकला. त्यांनी तो छातीशी धरला, आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला.