माझ्या जागी बांधलेली बकरी

लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा सासरच्यांनी मला माहेरी पाठवलं आणि माझ्या जागी बकरी बांधली. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. माझ्या नवऱ्याच्या खाटेच्या पायाला खरोखरची बकरी बांधली होती, पांढरी, एका कानावर काळा डाग असलेली. क्षय झालेल्या माणसाजवळ बकरी असावी, तिच्या वासाने छाती सुधारते आणि तिचं धारोष्ण दूध पोटात गेलं की अंग धरतं, असं गावच्या वैद्यबुवांनी सांगितलं होतं. बायको जवळ असू नये, हेही त्यांनीच सांगितलं. आता या वयात मला त्या बकरीचं हसू येतं. तेव्हा मी तिचा जेवढा दुस्वास केला तेवढा कोणी सवतीचाही केला नसेल.

माझं सासर दवनीवाड्याचं. धानाच्या बांध्या, दोन बैलजोड्या आणि घरामागे दहाबारा बकऱ्या. माघात त्या बकऱ्यांनी एकामागून एक गाभ टाकला. मेलेली पिल्लं अडकत, तेव्हा हे स्वतः हात घालून ती ओढून काढत आणि बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, काठाशी नेऊन पुरत. बकरी वाचली की हात धुऊन जेवायला बसत. घरात सगळेच असं करत आले होते, त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

होळीच्या सुमारास यांना ताप येऊ लागला. पण ताप कसा, तर सकाळी काहीच नाही. सकाळी हे बैल सोडून शेतावर जात, माझी थट्टाही करत. उन्हं कलली की कमर धरायची, अंगावर काटा यायचा, आणि गुरं घरी यायच्या वेळेला अंगाला हात लाववत नसे. मग घाम असा सुटायचा की गोधडी पिळावी. चार दिवस बरे जायचे, वाटायचं गेला एकदाचा. पाचव्या दिवशी पुन्हा हजर. आधी सगळे म्हणाले, हिवताप. लढाईचे दिवस होते, कोयनेल मिळायची मारामार. सासऱ्यांनी ओळखीपाळखीने मिळवलं, त्याने यांच्या कानात शिट्ट्या वाजू लागल्या, ताप मात्र तसाच. अंग झडत गेलं. तेव्हा वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि तो शब्द उच्चारला.

त्याच दुपारी सासूबाईंनी माझी पेटी गाडीत ठेवली. म्हणाल्या, "तू तरनीताठी हायेस. त्याचं जे होईन ते होईन. तू जाय." हे अंगणात उभे होते. त्यांनी एक शब्द तरी बोलावा म्हणून मी लुगड्याचा पदर दोनदा नीट केला, उगाचच पेटीचं कुलूप पाहिलं. ते बोलले नाहीत. गाडी हलली तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि नाका ओलांडायच्या आत त्याच माणसासाठी मी रडत होते.

माहेर कुडव्याचं, गोंदियाला लागून. वडील धानाचा लहानसा व्यापार करत. घर रस्त्यावर, त्यामुळे शहराकडे जाणारी प्रत्येक गाडी आमच्या ओट्यासमोरून जायची. मी दिवसभर सूप घेऊन ओट्यावर बसायची. तांदूळ निवडणं हे निमित्त. दवनीवाड्याकडची गाडी आली की गाडीवानाला विचारावंसं वाटे, पण काय विचारणार? शेजारणी मलाच विचारत, "काऊन वं, लय दिवस राहून राहिली?" माय सांगायची, बरं नाही तिला. बरं मला नव्हतंच. गुरं परतायची वेळ झाली की माझा जीव घरात टिकत नसे. आता तिकडे त्यांचं अंग तापत असेल, आता कोणी पाणी दिलं असेल का, की ती बकरीच बघत बसली असेल तोंडाकडे? मी ओट्यावरून उठून विहिरीवर जायची, विहिरीवरून परसात, आणि माय बिचारी दिवा लावायची.

वडील मात्र गप्प बसणारे नव्हते. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपल्यावर ते सासऱ्यांना जाऊन भेटले आणि म्हणाले, एकदा गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, मग पोरीला जन्मभर घरी ठेवायचं असेल तर तसं सांगा. असं तोंडावर बोलण्यात आमचे वडील कोणाला हार जात नसत.

डॉक्टर हिंदी बोलणारे, थोडे तिरसट, पण कान देऊन ऐकणारे. त्यांनी थुंकी तपासली, त्यात क्षयाचे जंतू दिसले नाहीत. सासूबाईंना तेवढ्याने पटेना. डॉक्टरांनाही त्या तापाचा उलगडा होत नव्हता. ते खोदून खोदून विचारत राहिले आणि शेवटी म्हणाले, "घर में बकरियाँ हैं क्या? उनके बच्चे गिरे थे?" सासूबाईंनी अभिमानाने सांगितलं, बकऱ्या तर आहेतच, पोराच्या खाटेलाच एक बांधली आहे, रोज सकाळ-संध्याकाळ तिचं दूध कच्चं पाजते. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि रक्त नागपूरला पाठवायचं ठरवलं. गोंदियात ती तपासणी होत नव्हती.

रक्त द्यायचा दिवस वडिलांनी मला मुद्दाम सांगितला, सहज बोलल्यासारखा. मी मायच्या डोळ्यांचं औषध आणायचं काढलं. तर आम्ही मायलेकी दवाखान्याच्या आवारात चिंचेखाली उभ्या. हे ओसरीवर बाकावर बसले होते. सदरा खांद्यावरून ओघळत होता. मला वाटलं, एवढे दिवस मी ज्या माणसाला आठवत होते तो याच्यापेक्षा दुप्पट होता.

कंपाउंडरने उकळून वाळवलेली शिशी बाकावर ठेवली आणि सुई आणायला आत गेला. सासूबाईंनी शिशी उचलली, डोळ्यांशी नेली, वास घेतला. "कोनाकोनाचं रगत भरलं असन याच्यात," म्हणाल्या आणि विहिरीवर जाऊन ती तीनतीनदा विसळून आणून जागेवर ठेवली. मी पाहिलं. मला त्यात काही चूक दिसली नाही. मीही तेच केलं असतं; आपल्या माणसाचं रक्त दुसऱ्याच्या भांड्यात घालायचं तर भांडं धुवायला नको?

रक्त देऊन हे बाहेर आले तेव्हा त्यांनी मला पाहिलं. मध्ये सासूबाई होत्या, सासरे होते, सगळं आवार होतं. त्यांनी काय करावं? कापसाचा बोळा धरून दुमडलेला हात थोडा वर करून मला दाखवला, शाळेत पडलेला पोरगा घरी आल्यावर ढोपर दाखवतो तसा. मग गाडीत जाऊन बसले. तेवढ्यावर मी कितीतरी दिवस काढले.

नागपूरहून निरोप आला की रक्त खराब झालं आहे, शिशीत पाणी होतं, पाण्याने रक्त फुटून सगळं लाल झालं, त्यावर काही तपासता येत नाही, दुसरं पाठवा. डॉक्टर भडकले, कंपाउंडरला बोलले, कंपाउंडर सासूबाईंना बोलला. सासऱ्यांनी गाडी जुंपण्यावरून कटकट केली. आमच्या घरीही सगळ्यांची तोंडं उतरली. मी एकटीने देवापुढे साखर ठेवली. ते पुन्हा येणार होते.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी शिशी स्वतःच्या हातात धरली. आणि या वेळी परत जाताना हे चिंचेच्या बाजूने वळले, मुद्दामच, आणि चालता चालता म्हणाले, "बरी हायेस नं?" मी मनात केवढं काय काय जमवून ठेवलं होतं, महिनोन्महिन्यांचं. तोंडातून निघालं, "हो." एवढंच. घरी जाईपर्यंत मी स्वतःला शिव्या घातल्या.

मग वाट पाहणं. डॉक्टरांनी वडिलांना ती तपासणी समजावून सांगितली होती आणि वडिलांनी ती आम्हाला, जेवायला बसल्या बसल्या. नागपूरच्या प्रयोगशाळेत त्या तापाचे मेलेले जंतू पाण्यात ठेवलेले असतात, ते पाणी गढूळ दिसतं. रक्त थिजलं की वर पिवळसर पाणी सुटतं. ते पातळ करत करत काचेच्या नळ्यांच्या एका रांगेत घालायचं आणि प्रत्येक नळीत ते जंतू सोडायचे. माणूस त्या तापाशी झगडलेला असेल तर नळीत दूध फाटल्यासारखं होतं, बारीक कण खाली बसतात आणि वर नितळ पाणी राहतं. झगडलेला नसेल तर गढूळ ते गढूळच. माझं सगळं आयुष्य त्या नळ्यांत होतं, याची मला पूर्ण कल्पना होती. फाटलं तर तो बकऱ्यांचा ताप, माणसाचा माणसाला न लागणारा, आणि मी घरी जाणार. गढूळ राहिलं तर वैद्यबुवा खरे, आणि मी कुडव्याच्या ओट्यावर. त्या दिवसांत मायच्या चुलीवर चुकून दूध फाटलं तरी मला आनंद व्हायचा आणि माय माझ्याकडे बघत राहायची.

नळ्यांत फाटलं. वडील शहरातून धावतच आले, टोपी हातात. डॉक्टर म्हणाले होते, खूप पातळ केल्यावरसुद्धा फाटलं, आता शंका नको. यावर खात्रीचं औषध नाही, पण क्षय नाही. माणूस यातून हळूहळू उठतो. विश्रांती द्या, दूध उकळून द्या आणि ती बकरी आधी तिथून काढा. मी परसात जाऊन बकरीच्या नावाने जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वडिलांनी त्याच दिवशी निरोप धाडला. मी पेटी भरली. आणि कोणीही न्यायला आलं नाही. निरोप्याने सासूबाईंचं उत्तर तेवढं आणलं: "दुधानं कोनी बिमार पडते काय? माय पोराले दूध पाजते का जहर पाजते?" सासूबाई ऐकेनात आणि सासऱ्यांचं त्यांच्यापुढे चालेना. वडिलांचाही हेका होता की बोलावणं आल्याशिवाय पोरगी जाणार नाही. नागपूरच्या काचेला कळलं, गोंदियाच्या डॉक्टरांना कळलं, आणि मी दोन हट्टी माणसांच्या मध्ये भरलेली पेटी घेऊन बसले. आधी निदान आजाराची भीती होती, तिचा मान राखावा लागत होता. आता नुसता संताप होता. एकटीच चालत निघावं असं कितीदा मनात आलं. पायांत जोर नव्हता की मनात धीर, काय नव्हतं कोण जाणे.

धान पिवळं पडायला लागलं तेव्हा एका सकाळी दारात गाडी थांबली. आतून सासूबाई उतरल्या, एकट्या. ओट्यावर बसल्या. मायने पाण्याचा गडवा पुढे केला, त्यांनी तो हातात घेतला पण तोंडाला लावला नाही.

"पांढऱ्या बकरीनं गाभ टाकला," त्या म्हणाल्या.

माय त्यांच्याजवळ खाली बसली.

"डाक्टर तेच पुसत होता. मले वाटलं, त्याले काय समजते." त्यांनी गडवा खाली ठेवला. "माह्या हातानं पाजलं म्या. रोज. तो नाय म्हने तरी पाजलं. तो म्हने, माय, घशाखाली उतरत नाय. म्या म्हटलं, पी बाबा, जगशीन." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चाल घरी."

त्यांना सुनावायला मी किती वाक्यं घोटून ठेवली होती! एकही कामाला आलं नाही. त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते आणि त्यांच्याकडे त्या अशा बघत होत्या, जणू कोणीतरी दुसऱ्यानेच आणून ठेवलेत. मी पेटी उचलली.

दिवाळी तोंडावर आली होती. रस्त्यावर सगळ्या गाड्या उलट्या दिशेने, माहेरी निघालेल्या पोरींच्या. त्या माझ्याकडे वळून वळून बघत होत्या, दिवाळीला सासरी निघालेली ही कोण म्हणून. मला तेव्हा सगळं जग सुंदर वाटत होतं, अगदी बैलांच्या शेपट्यासुद्धा.

पोचेपर्यंत उन्हं कलली होती. हे ओसरीवर खाटेवर पडले होते. खाटेच्या पायाला नुसतं दावं लोंबत होतं. सासूबाई माझ्या मागे उभ्या होत्या, मग त्या आत निघून गेल्या आणि भांड्यांचा आवाज करत राहिल्या. मी खाटेच्या काठावर बसले. कपाळावर हात ठेवला. ताप चढत होता, रोजच्या वेळेला.

त्यांनी चटकन तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, रागावले आहेत, उशीर झाला म्हणून. तसं नव्हतं. कोणी जवळ आलं की श्वास दुसरीकडे सोडायचा, एवढे महिने ते हेच करत आले होते, आईशी, वडिलांशी, सगळ्यांशी. ती सवय त्यांच्या मानेत बसली होती.

"इकडे बघा," मी म्हटलं.

"दूर सरक."

"नाही सरकत. नागपूरहून सांगून आलंय, नाही लागत हा."

ते तसेच राहिले. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पुढे ते उठले, नांगर धरला, पोरंबाळं झाली, आमची भांडणंही पोटभर झाली, पण मला त्यांची आठवण येते ती त्या संध्याकाळची, पाठमोऱ्या मानेची. मी हात काढला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं, धरून ठेवलेला श्वास सोडला, आणि तो माझ्या तोंडावर आला. चांगलाच कढत होता.