जावयाची भाजी

आमच्या आईला सहज असं काही करताच येत नाही. म्हणून त्या रविवारी ती म्हणाली, "चला गा, सहज रामटेकले जाऊन येऊ, पोरीचंबी मन रमन," तेव्हाच मला वास यायला हवा होता. पण मी निमूटपणे गाडी काढली.

पोरगी म्हणजे माझी थोरली बहीण. दिवाळीला सासरहून आली ती परत गेलीच नव्हती. घरात त्यावर कोणी बोलत नसे. आमच्या प्रताप नगरातल्या शेजारणींना आई सांगायची, आरामाला आली आहे म्हणून. आराम कसला डोंबलाचा! ताई दिवसेंदिवस वाळत चालली होती.

गडावर मात्र ती खुलली. माकडाने बाबांच्या हातातला प्रसाद पळवला तेव्हा पोट धरून हसली. देवळामागून खाली खिंडसी तलावाचं पाणी दिसतं, तिथे वारा खात बराच वेळ उभी राहिली. तिला तसं बघून मला फार बरं वाटलं. आई तेवढी देवापुढून हलत नव्हती.

दुपारी तलावाकाठी आम्ही रोडगे लावले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजणं हे बाबांचं खातं. बाकी घरात सगळं आईचंच चालतं. वांग्याची भाजी तिने घरूनच करून आणली होती, भिवापुरी मिरचीची, लालभडक. ताईने पिशवी उपसली तर तळाशी आणखी एक डबा निघाला. त्यातही वांग्याचीच भाजी, पण पिवळी, फिकी.

असली भाजी आमच्याकडे एकाच माणसासाठी होते. भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, तिखट सोसत नाही. ते येणार म्हटलं की आई आधी त्यांची वेगळी फोडणी घालते. इतकी धोरणी बाई, पण जावयाचा मान काही तिला चुकवता आला नाही.

"आई, त्यायले बोलावलं काय वं?" ताईने विचारलं.

"येऊनच राहिले ते. देवाच्या दारी सगळं गोड होऊन जाईन. तू आता ताणू नको."

ताई उठली, गाडीत जाऊन बसली आणि तिने दार लावून घेतलं. मला आईचा असा संताप आला, पण मी नुसते निखारे सारखे करत बसलो.

थोड्या वेळाने भाऊजी आले. हसतमुख, हातात मिठाईचा पुडा. आईने आधी त्यांचं ताट वाढलं, रोडगा कुस्करून वर तूप सोडलं. मग हळूच बाबांना म्हणाली, "तिले समजवा जरा."

बाबा हातावरची राख झटकत गाडीपाशी गेले. ताईने काच खाली केली. बाबांनी काहीतरी विचारलं असावं. मग तीच बोलत राहिली आणि शेवटी तिने ओढणी तोंडात कोंबली. बाबा टपाला हात टेकून, मान खाली घालून ऐकत होते.

परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मी घाबरलो. ते भाऊजींसमोर बसले.

"जेवा जवाईबापू, पोटभर जेवा. पोरगी तुमच्यासंगं येणार नाही."

भाऊजींचा घास हातातच राहिला.

आई कशीबशी म्हणाली, "असं काय सांगितलं तिनं तुमाले?"

"तुले तीच सांगन. मी फक्त विचारलं, बाई, काहून आली होती तू." बाबा गाडीकडे बघत म्हणाले. "दिवाळीपासून घरात हाये पोरगी, अन् आपण कोणी विचारलंच नाई तिले."